अठराशे चिठ्ठ्या आणि एक

मी नानकटाईचा डबा बोलतोय. नानकटाई माझ्यात जेमतेम नऊ दिवस राहिली, चिठ्ठ्या मात्र सहा वर्षे राहिल्या. म्हणून माझ्या झाकणावर गुलाबाची फुले असली, तरी कुणी मला खाऊचा डबा म्हटले की मी मनातल्या मनात खणकतो.

मला पहिली आठवण आहे ती निजामपुऱ्यातली, साजिदाभाभींच्या स्वयंपाकघरातली. ईदच्या पाहुण्यांनी मला रिकामे केले. भाभींनी मला घासून उन्हात ठेवले. त्या माझ्यात मसूर भरणार, इतक्यात त्यांचे यजमान हारूनभाई मला काखेत मारून जिना उतरू लागले.

"अहो, तो डबा माझा हाय!" भाभी वरून ओरडल्या.

"तुझ्याकडं छप्पन्न डबे हायत. माझ्या कारखान्याला एक पन न्हाय."

खाली कारखान्यात त्यांचे चोवीस यंत्रमाग चालत. खडखडाट असा, की माझे झाकण आपोआप सैल व्हायचे. हारूनभाईंचा एक नियम होता. माग बंद पडला की कारण चिठ्ठीवर लिहायचे आणि माझ्यात टाकायचे. कुणी मराठीत लिही, कुणी हिंदीत, कुणी दोन्ही मिसळून. 'धोटा अडकला.' 'पट्टा ढीला है.' एकाने लिहिले होते, 'बिजली गई. मेरा कसूर नहीं.'

हारूनभाईंचे शाळासोबती शरच्चंद्र कॉलेजात संगणकशास्त्र शिकवत. एकदा चहाला आले आणि त्यांनी माझ्यात हात घातला. चहा निवला तरी चिठ्ठ्या वाचतच राहिले.

"हारून, हा डबा मला दे."

"घे. पण बायकोला तू सांग."

अशा रीतीने मी शरच्चंद्र आणि निवेदिताबाईंच्या घरी आलो. कारखान्यातल्या चिठ्ठ्या दर आठवड्याला माझ्यात येऊन पडू लागल्या.

शरच्चंद्रांना संगणकाला तीन गोष्टी शिकवायच्या होत्या. कुणी विचारले, 'ताण्याचा उभा धागा पुन्हा पुन्हा का तुटतो?' तर ढिगातून नेमक्या उपयोगाच्या चिठ्ठ्या काढणे. पुढे कोणता माग बिघडेल याचा अंदाज बांधणे. आणि तो अंदाज का बांधला, हे पायरीपायरीने सांगणे.

पहिल्या वर्षी संगणकाने मोठ्या ऐटीत पायऱ्या मांडल्या. शुक्रवारी माग बिघडल्याची एकही चिठ्ठी नाही. म्हणजे शुक्रवारी माग बिघडत नाहीत. म्हणून जास्तीत जास्त काम शुक्रवारी करावे.

हारूनभाई हसून हसून खुर्चीतून घसरले. "शाबास! अरे, जुम्म्याला कारखाना बंद असतो!"

"ते त्याला कुणी सांगितलंच नाही," शरच्चंद्र कपाळाला हात लावून म्हणाले. "चूक माझी. चिठ्ठी नाही म्हणजे बिघाड नाही, असं धरून चाललो."

संगणकाला शिकवायचे तर आधी माणसांना ठरवावे लागते. प्रत्येक चिठ्ठी दोघांनी वाचायची आणि ताणा तुटण्याच्या त्या एका प्रश्नासाठी ती 'लागू' की 'लागू नाही' ते लिहायचे. हारूनभाई हिरव्या पेनाने उजव्या कोपऱ्यात लिहीत आणि कोपरा दुमडत. शरच्चंद्र पेन्सिलीने डाव्या कोपऱ्यात लिहीत आणि तोही दुमडत. एकमेकांचे उत्तर आधी बघायचे नाही. मग कोपरे उघडायचे, शरच्चंद्रांनी ते संगणकात भरायचे, आणि जिथे मत जुळले नाही तिथे भांडायचे. निवेदिताबाई शाळेत गणित शिकवत. आतून उत्तरपत्रिका तपासता तपासता त्या म्हणत, "मुलं बरी तुमच्यापेक्षा."

सगळ्यांत मोठे भांडण दौलतच्या चिठ्ठीवरून झाले. दौलत हा खारबावहून येणारा जुना कामगार. त्याने लिहिले होते : 'लूम नंबर ७. मशीनमदी दोष न्हाय. आई दवाखान्यात हाय. जीव लागत न्हाय.'

हिरव्या पेनाने, लागू. पेन्सिलीने, लागू नाही.

"दोष नाही असं तोच लिहितोय!" शरच्चंद्र म्हणाले. "त्याच्या आईचा ताण्याशी काय संबंध?"

"त्या दिवशी नऊ वेळा ताणा तुटला. तू कधी लूमवर उभा राहिलायस? हात तिथं आनि जीव भलतीकडं असला तर धागा बरोबर ओळखतो."

"मी हे संगणकाला कसं समजावू?"

"आधी तू समज. मग त्याचं बघू."

दोन वर्षे ही चिठ्ठी दर भेटीत वर यायची आणि शरच्चंद्र दर वेळी 'नाही' म्हणायचे. मला तर वाटे, तिच्या निमित्तानेच दोघे भेटतात.

मग जून महिना आला. चौदा तारखेला शरच्चंद्रांच्या तब्येतीच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. निवेदिताबाईंनी शाळेतून रजा घेतली होती. दुपारी दोघे जेवले. जेवण झाल्यावर शरच्चंद्र माझ्याकडे आले, एकापाठोपाठ दोन पेले पाणी प्यायले. मग त्यांनी दौलतची चिठ्ठी शोधून काढली, डावा कोपरा उघडला, खोडरबराने एक शब्द पुसला आणि शेजारी तारीख घातली. संगणक त्यांनी सुरू केला नाही. रिपोर्ट आणायची वेळ झाली होती.

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. ऑगस्टमध्ये ते गेले.

अठराशे चिठ्ठ्यांपैकी दोनशे चौदा चिठ्ठ्यांचा डावा कोपरा कोरा होता. मेघाली ही त्यांची विद्यार्थिनी. तिचा आणि त्यांचा मिळून एक शोधनिबंध सप्टेंबरअखेरीस पाठवायचा होता. शरच्चंद्रांचे शेवटचे काम आणि मेघालीचे पहिले. दुसऱ्या परीक्षकाचा, म्हणजे शरच्चंद्रांच्या मतांचा, रकाना भरल्याशिवाय तो जाणार नव्हता.

एका रविवारी मेघाली लॅपटॉप घेऊन आली. खूप वेळ तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"काकू, एक विचारू? सरांनी पंधराशे शहाऐंशी चिठ्ठ्यांवर मत दिलंय. त्यावरून संगणक त्यांची पद्धत शिकलाय. उरलेल्या दोनशे चौदांवर ते काय म्हणाले असते, ते तो सांगतो. शंभरात चौऱ्याण्णव वेळा बरोबर येतं."

निवेदिताबाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे त्यांच्या वतीनं तो लिहील."

"सरांचंच मत असेल, काकू. त्यांचं नाव राहील."

नाव राहील, या शब्दांवर बाई थांबल्या. मला वाटले, त्या हो म्हणणार. कुणाला मोह होणार नाही? पण त्या गणिताच्या बाई.

"दाखव बघू. ज्याचं उत्तर मला माहीत आहे, असं काहीतरी विचार. ती दौलतची चिठ्ठी. तिच्यावरची भांडणं मी दोन वर्षं ऐकलीत."

मेघालीने बटण दाबले आणि पडद्यावरचे वाचून दाखवले. "शरच्चंद्र : लागू नाही. खात्री सत्त्याण्णव टक्के." ती ओले डोळे मिचकावत हसली. "बघा, अगदी सर!"

बाईही हसल्या. त्यांनी माझे झाकण काढले आणि चिठ्ठी बाहेर घेतली. पेन्सिलीचा 'नाही' पुसलेला होता. कागद तिथे जरा विरला होता. उरला होता फक्त 'लागू'. शेजारी, चौदा जून.

बाईंनी त्या तारखेवर बोट ठेवले.

"त्या दिवशी मी आमटीत दोनदा मीठ घातलं होतं," त्या म्हणाल्या. "दुपारी मला चवच लागली नाही, संध्याकाळी घास घेतला तेव्हा कळलं. हे दुपारी वाटीभर जेवले. मिठाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. हात चुलीपाशी आणि जीव भलतीकडे, हे ह्यांनी ओळखलं."

मेघालीने लॅपटॉप हळूच मिटला.

"तुझा संगणक चुकला नाही गं. जेवढं त्याला दिलं, तेवढं त्याने ओळखलं. पण माणूस बदलत होता. अंदाज अंदाज म्हणून छाप, हवं तर वेगळ्या रकान्यात. ह्यांच्या रकान्यात नको. दोनशे चौदा मी वाचते. माझ्या नावाने."

"काकू, तुम्हाला माग कुठे येतात?"

"मग शिकते."

शाळा सुटली की बाई निजामपुऱ्यात जाऊ लागल्या. हारूनभाईंनी त्यांना सात नंबरपाशी उभे केले.

"भिऊ नका वैनी, चावत न्हाय," दौलत म्हणाला. त्याने आडवा धागा नेणारा धोटा हातात दिला, ताणा बोटांना लावून दाखवला. आठ दिवसांत बाईंना नुसत्या आवाजावरून पट्टा सैल आहे की नाही ते कळू लागले. साजिदाभाभी जिन्यावरून त्यांना रोज एकच विचारत, "माझा डबा बरा हाय ना?"

मग हारूनभाई संध्याकाळचे घरी येऊ लागले आणि पुन्हा भांडणे सुरू झाली.

"वैनी, तुम्ही तर शरदपेक्षा हट्टी निघालात."

"चिठ्ठीत जे लिहिलंय तेच मी वाचणार, हारूनभाई."

एका मंगळवारी मात्र बाईंचे काही जुळेना. एकच चिठ्ठी तीनदा वाचली, दोनदा चुकीच्या कोपऱ्यात लिहिले. पेन्सिल शरच्चंद्रांची होती, आता बोटभर उरलेली. त्यांनी ती खाली ठेवली.

हारूनभाईंनी एक कोरी चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. "कारखान्याचा नियम. काम थांबलं तर कारण लिवायचं."

बाईंनी लिहिले आणि कागद उलटा करून दिला. हारूनभाईंनी तो वाचला, खिशातून हिरवे पेन काढले, उजव्या कोपऱ्यात एक शब्द लिहिला आणि आपली सवय म्हणून कोपरा दुमडला.

निबंध वेळेवर गेला. शरच्चंद्रांच्या वेळेपेक्षा मते कमी जुळली, ती तशीच छापली. साऱ्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे घेऊन मूळ कागद कॉलेजात गेले. बाईंनी दौलतची चिठ्ठी मात्र ठेवून घेतली.

आता मी त्यांच्या टेबलावर असतो. एका बाजूचा पत्रा गंजलाय, गुलाब फिकटलेत. माझ्यात बोटभर पेन्सिल आहे, खोडरबर आहे आणि दोन चिठ्ठ्या. दुसरीवर लिहिलेय : 'हाताला काही झालेले नाही. जीव लागत नाही.' आणि दुमडलेल्या कोपऱ्यात, हिरव्या शाईत : लागू.

साजिदाभाभींनी मला परत मागितले तर मी आनंदाने जाईन. माझ्यात मसूर भरा, नानकटाई भरा. त्या दोन चिठ्ठ्या तेवढ्या तळाशी असू द्या.