आईंना कोण विचारणार?

"दीदी, मी विचारू का आईंना? आप रहने दो," शोभनाचा मदतनीस अनीश म्हणाला. नेत्रपेढीची पेटी त्याने चपलांच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशी ठेवली होती.

शोभनाने नकारार्थी मान हलवली. सतरा वर्षं ती हेच काम करत होती. इंदूरात कुणाकडे माणूस गेलं की सहा तासांच्या आत त्या घरी जायचं आणि डोळे मागायचे. वैऱ्यालाही देऊ नये असं काम. रडवेलं तोंड घेऊन गेलं की लोक दारातूनच हात जोडतात, हे ती पहिल्याच वर्षी शिकली. म्हणून उंबरठा ओलांडण्याआधी ती नवऱ्याला फोन करायची. सुधाकरचं खजराना रोडवर स्टेशनरीचं दुकान. "पहिले मूड बनव, मग आत जा," म्हणत तो गिऱ्हाइकाचा एखादा किस्सा सांगायचा. किस्से अगदीच टाकाऊ असायचे. तरी ती हसायची, पदर सारखा करायची आणि आत जायची.

आज सकाळी नऊ वाजता सुधाकरच गेला. दुकानाचं शटर उचलता उचलता.

नेत्रदानाचा फॉर्म त्याने कधीच भरला होता. सहीही शोभनाची चालली असती. पण सासूला न विचारता तिच्या लेकाला हात लावायचा, हे तिच्याने होणार नव्हतं. कमलआई ब्याऐंशीच्या. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा, असं मानणाऱ्यांतल्या. सासरे, जयसिंगराव, गेले तेव्हाही शोभनाची हिंमत झाली नव्हती. गावभर मागत फिरणारी बाई घरात मुकी.

साडेबारा वाजले.

"दीदी, पाणी घ्या. एक मिनिट बसा, मूड थोडा..." अनीश ओशाळून थांबला. बिचाऱ्याला हे तिनेच शिकवलं होतं.

तिने खूप आठवून पाहिलं. सुधाकरचा एकही किस्सा आठवेना. फार एकटं वाटलं तिला. मग ती तशीच, रडक्या तोंडाने, आत गेली.

खोलीत गर्दी, मे महिना, आणि पंखा बंद. सुधाकरच्या डोक्याखाली उशी होती, मिटल्या डोळ्यांवर ओला कापूस.

"आई, हे कुणी..."

"मी. पंख्याने डोळे सुकतात ना? सतरा साल झाले, लोकांना फोनवर हेच सांगते तू, ते ऐकते मी, इतकं तर समजतं मला." कमलआईंनी नाक पुसलं. "तुझ्या सासऱ्यांच्या वेळेस पण पंखा मीच बंद केला होता. म्हटलं, आता विचारेल, मग विचारेल. तू बोललीच नाही."

शोभना त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"बोलव त्या पेटीवाल्या पोराला आत. टाइम खोटी नको करू. आणि तू रडून घे पहिले."

दाराशी बसलेला कुणी पाहुणा घाम पुसत पंख्याच्या बटणाकडे गेला.

"रहने दो भिया," कमलआई म्हणाल्या, आणि पदराने सुनेला वारा घालू लागल्या.