सहा खांदेकरी

पाहुण्यांना येऊन सहा महिने झाले होते, आणि सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. मुळात त्यांना तोंड आहे की नाही, यावरच दोन परिषदा झाल्या होत्या.

ते उतरले फेब्रुवारीत, हिएदानी गावच्या बंद पडलेल्या शाळेच्या मैदानात, कमरेएवढ्या बर्फात. सात जण होते. उंचीला माणसाच्या छातीपर्यंत, रंगाने राखाडी, दोरीवर टाकून विसरलेल्या ओल्या गोधड्यांसारखे. यानातून बाहेर आले, बर्फात बसले आणि बसूनच राहिले. एवढ्यावर जगाने अक्कल गहाण टाकली. कुठे शेअर बाजार कोसळला, कुठे एकाच देवाच्या दोन धर्मगुरूंनी एकमेकांच्या दाढ्या उपटल्या. तोक्योत चांगली शिकलेली माणसं नोकऱ्या सोडून थंड पाण्याच्या टबात बसू लागली, का तर बर्फ वितळल्यावर पाहुणे तसेच बसतात. एखाद्या पाहुण्याने जरा कूस बदलली की टीव्हीवर अकरा विद्वान तासन्‌तास त्याचा अर्थ लावत, आणि अकरांचे बारा अर्थ निघत.

किनुएला जगाचं काही वाटत नव्हतं. जग लांब होतं. तिला किळस यायची ती गावाची. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने गावाचे बरेच रंग पाहिले होते, पण हा रंग नवा होता. बेकरीवाल्याने पाहुण्यांच्या आकाराचे गोड बन काढले. बसथांब्यावर पाहुण्याची हसरी बाहुली उभी राहिली, तिला दोन हातही लावले, कारण हात नसले तर हलवणार काय? आणि गावप्रमुख तोकुजी, वय वर्षं त्र्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, रोज सकाळी शाळेच्या कुंपणाबाहेर उभा राहून कमरेत वाकायचा. पाहुण्यांनी कधी मान वळवली नाही. त्यांना मानही नव्हती.

"बघा," ती नवऱ्याला म्हणायची, "आपलं दार शंभर पावलांवर. एकतीस वर्षांत कुणी साधं 'कसे आहात' म्हणून विचारलं नाही. आणि आता गोधड्यांपुढे लोटांगण!"

"अगं, लांबून आलेत ते," गेंझो म्हणायचा.

"मग? लांबून आलं की मोठं होतं वाटतं? साथीचे रोगपण लांबूनच येतात."

गेंझो हसून पुन्हा काकडीचे वेल बांधायला लागायचा. त्याला चिडता येत नसे. या एका गोष्टीवरून किनुए त्याच्यावर आयुष्यभर चिडली होती.

एकतीस वर्षांपूर्वी वरच्या दरीत एका कंपनीला शहराचा विषारी कचरा पुरायचा होता. गावातल्या एकोणीस घरांपैकी अठरांनी संमतीच्या कागदावर शिक्के मारले. गेंझोने मारला नाही. "ते पाणी खाली आपल्याच भातात उतरणार," एवढंच तो म्हणाला. कंपनी निघून गेली, तिच्याबरोबर अठरा घरांची स्वप्नं गेली, आणि गावाने गेंझोचं घर वाळीत टाकलं. तिकडे वाळीत टाकण्यालाही नेम असतो. माणसामाणसांतले व्यवहार दहा, त्यांतले आठ तोडायचे: सण, लग्न, पाटाचं पाणी, रस्त्यातला रामराम, सगळं. दोन राखायचे. घराला आग लागली तर धावायचं, आणि घरात कुणी मेलं तर खांदा द्यायचा.

"दया नाही ती," किनुए म्हणायची. "आग पसरते आणि मढं नासतं, म्हणून."

पण गेंझोचा त्या दोन हिश्शांवर देवासारखा विश्वास. एकतीस वर्षांत गावात चौदा मरणं झाली आणि चौदाही वेळा तो न बोलावता गेला, पेटीला खांदा दिला, दाहिनीची घाटी चढला आणि कुणी चहाही न विचारता घरी आला. "माझ्या वेळी येतील गं," म्हणायचा. "माणसं आहेत शेवटी." किनुए यावर तोंड फिरवायची. मूलबाळ नव्हतं, भाऊबंद नव्हते. त्याच्या वेळी कोण येतं हे बघायला आपणच मागे राहणार, हे तिला ठाऊक होतं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी तो काकडीच्या वेलाखाली बसला तो उठलाच नाही.

बुधवारी दुपारी दारात तोकुजी उभा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. घामाने डबडबलेला, मागे जिल्ह्याचा एक टायवाला.

"किनुए-सान, फार वाईट झालं," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"झालं खरं. उद्या दहाला न्यायचं आहे. सहा खांदे लागतील."

"त्याचसाठी आलो. उद्या हॉलमध्ये सत्कार आहे ना. पाहुणे पहिल्यांदाच कुंपणाबाहेर येणार. गव्हर्नरसाहेब येताहेत, सगळ्या जगाचे कॅमेरे. तेव्हा तुम्ही जरा… एखादा दिवस पुढे…"

"परवा सोबत्याचा दिवस. त्या दिवशी जाळलं तर मेलेला आणखी एकाला ओढून नेतो, म्हणून दाहिनी बंद असते. माहीत नाही तुम्हाला? का सोबत जायची हौस आहे?"

"मग शनिवारी."

"शनिवारी? या उन्हात?"

टायवाला पुढे सरसावला. "आजी, ड्राय आईसची सोय आम्ही करतो. हवा तेवढा. चाळीस किलो पाठवतो!"

"माझा नवरा आहे तो, मासळी नाही."

"शववाहिकाही येणार नाही उद्या," टायवाला म्हणाला. "रस्ता बंद आहे."

"म्हणून तर खांदे मागतेय. तोकुजी-सान, दहांतले आठ तुम्ही तोडलेत, मी हूं की चूं केलं नाही. हे उरलेल्या दोनांतलं आहे."

 तोकुजी गुडघे सांभाळत पायरी उतरला. संध्याकाळी चाळीस किलो ड्राय आईस मात्र आला, चार खोक्यांतून. गावाची लाज चाळीस किलोला पडली, असं मनाशी म्हणत किनुएने एकटीने तो सगळा गेंझोभोवती रचला. हात भाजल्यासारखे झाले. काही केलं तरी पुढे ढकलायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. तो म्हणाला होता येतील, तर दहा वाजता दार उघडं ठेवायचं. आले नाहीत तर त्याच्या कानात सांगायचं, बघा, मी म्हणत नव्हते?

गुरुवारी दहा वाजता ती काळा किमोनो घालून पेटीशेजारी बसली. दार सताड उघडं होतं. पेटीतून पांढरा धूर ओसंडत होता, जमिनीवरून सरपटत, उंबरठा ओलांडून गल्लीत उतरत होता. हॉलमधून लाउडस्पीकर ऐकू येत होता. गव्हर्नर म्हणत होते, आज दोन संस्कृती एका छताखाली बसल्या आहेत. टाळ्या. मठाच्या पुजाऱ्याचा आवाजही आला, तो आशीर्वाद देत होता. गेंझोसाठी सूत्र म्हणायचं त्याने कबूल केलं होतं.

साडेदहा झाले. कुणी आलं नाही. किनुए पेटीकडे वाकली. पण सांगायची वेळ आली तेव्हा तिच्याने सांगवलं नाही.

तेवढ्यात लाउडस्पीकर मधेच तुटला. आरडाओरडा झाला आणि गल्लीत ओलं काहीतरी फरपटत आल्याचा आवाज आला. पाहुणे! सातच्या सात, एकामागून एक, धुराच्या कडेकडेने. टीव्हीच्या दिव्यांखाली शिजून त्यांचा रंग उतरला होता. विचारपूस न करता ते घरात शिरले आणि पेटीला चिकटून बसले. एकाने तर झाकण सरकवून निम्मं अंग आत घातलं आणि सुस्कारा सोडला.

किनुएला क्षणात उमगलं. हे सुतकाला आले नव्हते. हे बर्फाला आले होते.

पण दारात तोवर गाव गोळा झालं होतं, आणि गावाला काही उमगायची सवय नव्हती. "त्यांना मृत्यू कळतो!" कुणीतरी किंचाळलं. बेकरीवाला गुडघ्यांवर पडला. बायका रडू लागल्या. गव्हर्नरनी जोडे काढून आत येऊन उदबत्ती लावली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगितलं, की गेंझो-सान हे या मातीचे थोर सुपुत्र होते, त्यांनी एकट्याने या दरीचं रक्षण केलं. ज्यांनी शिक्के मारले होते ती सगळी डोकी हलली. मेली म्हैस मणभर दूध देते ती अशी. पुजारी धापा टाकत आला आणि सूत्र म्हणायला बसला, चष्मा मात्र हॉलमध्येच राहिला होता.

किनुएला हसू येत होतं आणि ओकारीही. एका शब्दाने ती हे सगळं मोडू शकली असती. बर्फ आहे तो, मूर्खांनो, म्हटलं असतं की झालं. ती गेंझोच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली.

"सहा खांदे हवेत," ती म्हणाली.

सहा? साठ पुढे आले. धक्काबुक्की झाली, एकाची बाही फाटली. शेवटी पुढची दांडी गव्हर्नरनी धरली आणि शेजारी तोकुजी, कारण फोटोत तो मान त्याचा होता. गव्हर्नर म्हणाले, शववाहिका आणू, रस्ता उघडू. "नको," किनुए म्हणाली. "तो चौदांना खांद्यावर घेऊन गेला. तोही खांद्यावरूनच जाईल."

घाटी पाऊण किलोमीटरची, उन्हात तापलेली. पेटीत गेंझो आणि चाळीस किलो, वर लोंबकळणारे पाहुणे. गव्हर्नरांचा सूट भिजून पाठीला चिकटला. तोकुजी प्रत्येक पावलाला कण्हत होता. किनुए मागून छत्री घेऊन चालत होती आणि कुणी थांबलं की म्हणत होती, "चला, चला. पाहुणे बघताहेत."

दाहिनीचं दार उघडलं. पेटी आत गेली, ज्वाळा उठल्या. गरम वाफेचा झोत बाहेर येताच पाहुणे सातही जण एकदम वळले आणि घाटी उतरू लागले. त्यांच्यामागे गव्हर्नर, कॅमेरे, बेकरीवाला, रडणाऱ्या बायका. पुजाऱ्याने सूत्र अर्ध्यात सोडलं आणि नमस्कार करत तोही पळाला. पाच मिनिटांत आवार रिकामं झालं. राहिला तो तोकुजी, बाकावर, विजार वर करून गुडघे चोळत. त्याला उतरवत नव्हतं.

ती दीड तास एका बाकावर बसली, तो दुसऱ्यावर.  ऑफिसातल्या टीव्हीवर एक विद्वान सांगत होता, की मानवजातीने आजपासून आपले मृत पाहुण्यांच्या हाती सोपवायला हवेत. कुठल्याशा देशात रांग लागलीसुद्धा होती.

दाहिनीच्या माणसाने तबक बाहेर ओढलं. पांढरी, स्वच्छ हाडं. त्याने लांब काड्यांचे दोन जोड पुढे केले. "एक हाड दोघांनी मिळून उचलायचं, आजी. तुमच्याबरोबर कोण आहे?"

किनुएने आवारात नजर फिरवली. "हा आहे," ती म्हणाली. "म्हणजे, उरलाय."

तोकुजी भिंत धरून उठला. काड्या त्याच्या हातात आल्या न आल्या तोच फाटकाशी गाडी थांबली आणि टायवाला ओरडत उतरला. "प्रमुख, चला लवकर! पाहुणे हॉलच्या फ्रीजपाशी बसलेत. मोठा फोटो काढायचाय, गव्हर्नरसाहेब खोळंबलेत!"

"जा," किनुए म्हणाली. "गुडघ्यांची सोय झाली. गाडी आली."

तोकुजीने गाडीकडे पाहिलं. मग तबकाकडे. 

"मला इथं काम आहे," तो म्हणाला.

"पण फोटोत गावप्रमुख—"

"दुसऱ्या कुणाला उभं करा. वाकायचंच आहे ना? या गावात कुणालाही येतं."

गाडी गेली. दोघांनी पायांपासून सुरुवात केली, म्हणजे मेलेला अस्थींच्या भांड्यात सरळ बसतो, डोकं वर राहतं.  तोकुजीच्या काड्यांतून पावलाचं हाड निसटता निसटता राहिलं.

"नीट धर," किनुए म्हणाली. "जन्मात एक गोष्ट तरी नीट धर."

"किनुए-सान, तेव्हाचा तो कागद… माझा शिक्का पहिला होता. मी—"

"आता नको. हाड पडेल."

त्याने पुढचं हाड धरलं. पाय झाले, मांड्या झाल्या, बरगड्या, कवटीचे तुकडे. शेवटी गळ्याचं हाड, लहानसं, हात जोडून बसलेल्या माणसासारखं. ते दोघांनी चार काड्यांत धरलं आणि सगळ्यांच्या वर ठेवलं. तोकुजी वाकला. या खेपेला कुणी बघत नव्हतं, आणि बराच वेळ तो वर झाला नाही.

येतील, म्हणाला होता गेंझो. अठरा घरांतून एक आला होता. तोही आधी फोटोसाठी, मग गुडघ्यांमुळे. पण गाडी त्याने परत पाठवली होती, ते काही किनुएला नाकारता येईना. एकतीस वर्षं ती ज्या गोष्टीला मूर्खपणा म्हणत आली, ती अठरांतल्या एका घरापुरती का होईना, खरी निघाली होती. आणि हे ज्याला कबूल करायचं तो समोरच्या भांड्यात होता. मंगळवारपासून कोरडे राहिलेले तिचे डोळे भरून आले, आणि तिला गेंझोचा भयंकर राग आला.