सरस आटेपर्यंत

सिस्टरनं मिस्त्रीच्या बायकोच्या हातातली मिठाची पुडी काढून घेतली. सकाळपासूनची ही तिसरी.

"मावशी, सूपात मीठ ओतून काही होत नसतं हो!"

"अंगातलं मीठ उतरलंय म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

खाटेवर मिस्त्री छताकडे बघून गोड हसत होता, आणि भीती वाटत होती ती त्याचीच. तीस वर्षं सुतारकाम करून ज्यानं एकाही गिऱ्हाइकाला सरळ उत्तर दिलं नव्हतं, तो सुई टोचणाऱ्याला "छान, छान" म्हणत होता. साल कुठलं चाललंय असं विचारल्यावर त्यानं लग्नाचं साल सांगितलं. ते बरोबर होतं, म्हणून तर बायको जास्तच घाबरली.

डॉक्टरीणबाई आल्या.

"मीठ कमी नाही, पाणी जास्त झालंय. न्यूमोनियामुळे एक हार्मोन नको तेवढा सुटतोय. तो मूत्रपिंडाला सांगतो, पाणी सोडू नकोस. सोडियम एकशे सोळावर आलंय. एकशे पस्तीसच्या पुढं हवं."

"म्हणजे लाकूड चिकटवायचा सरस पातळ झालाय," खाटेच्या पायाशी उभी असलेली त्यांची मुलगी म्हणाली. "आटवायला हवा."

"अगदी तसंच. पण हळूहळू. घाई केली तर मेंदूला इजा होते. दिवसाला पाऊण लिटर, बास. चहा, सूप सगळं त्यातच."

मुलीनं मान हलवली. खिशातली किल्ली तिनं मुठीत घट्ट धरली होती.

किल्ली कारखान्याची. दोन वर्षं ती बापाच्या मागं लागली होती, मला काम शिकवा म्हणून. "पॉलिश कर हवं तर. पटाशीला हात लावायचा नाही, बोटं जातील," हे त्याचं ठरलेलं उत्तर. आणि दवाखान्यात आणलं त्या सकाळी त्यानं आपणहून किल्ली तिच्या हातावर ठेवली. "आजपासून तू उघड," म्हणाला. शाळेची बारा बाकं अर्धवट पडली होती. तिनं कारखाना उघडला.

"दिली ना त्यांनी? मग गप बस," आई कुजबुजली. "बरे झाले की विसरतील. आपण कशाला आठवण करून द्यायची?"

"एकशे सोळावर दिलीय, आई. मागितली असती तर वॉचमनलाही दिली असती."

रोज रक्त तपासलं जायचं, रोज आकडा थोडा चढायचा. एकशे चोवीसला मिस्त्रीनं विचारलं, कप बारका का झालाय. एकशे एकोणतीसला म्हणाला, ही खाट जोडणाऱ्याला आधी भरती करा. बायकोनं डोळे पुसले.

"आले बाई, आले माझे हे!"

सातव्या दिवशी आकडा एकशे छत्तीसवर गेला. दुपारी मुलगी आली आणि तिनं किल्ली चादरीवर ठेवली.

"ही तुमची, बाबा. भान नसताना दिली होतीत."

मिस्त्रीनं किल्लीकडे बघितलं. त्याला काहीएक आठवत नव्हतं.

"शाळेची बाकं?"

"गेली."

"कुणी केली?"

"मी."

बायको खिडकीबाहेर बघायला लागली.

"खिळे ठोकलेस?"

"एकही नाही. सगळे खाचेचे सांधे. मास्तर स्वतः बाकावर उभे राहिले, हललं नाही."

मिस्त्रीनं हात पुढं केला. किल्ली उचलेल असं तिला वाटलं. त्यानं तिचा डावा हात धरला, उलटा केला आणि अंगठ्यावरची पट्टी बघितली.

"पटाशीच्या पुढ्यात हात ठेवलास."

"हो."

"गाढव."

मिस्त्री उशीला टेकत उठून बसला, त्यानं ताटलीतला चमचा घेतला आणि केसपेपरची फाईल मांडीवर आडवी धरली.

"हे लाकूड. दोन्ही हात धारेच्या मागं. उजवा ढकलतो, डावा नुसता आवरतो. धर बघू."

तिनं चमचा धरला.

"मनगट ताठ! पुन्हा."

किल्ली चादरीवरून घसरून खाली पडली. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. उचलली कुणीच नाही.

"चला, भेटायची वेळ संपली," सिस्टर दारातून म्हणाली.

"भेटायला कोण आलंय इथं?" मिस्त्री खेकसला. "काम चाललंय."