काळ्या सम्राटाचं गुलाबी बूड

धाकट्याच्या हातून धड दुष्ट कधी घडलाच नाही. कवळ्या मात्र तो अशा बनवायचा की बोळक्या म्हाताऱ्यांनी त्या लावून अक्रोड फोडावेत आणि वर टरफलंही चावून बघावीत. पण रविवारी दुपारी कवळ्यांच्या कारखान्यातलं टेबल पुसून खेळाचा नकाशा पसरला, की त्याच्या दुष्टांची दातखीळ बसायची.

खेळ म्हणाल तर सोपा. धाकट्याने गोष्ट सांगायची आणि दुष्टांच्या बाजूने खेळायचं. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, आणि वहिनीने आपापला वीर लढवायचा. वार लागला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. त्यावर दादाने घातलेला एक नियम: दुष्टाच्या पाळीला कोणी हसलं, तर दुष्टाची पाळी गेली.

या नियमाने धाकट्याच्या दुष्टांचं वाटोळं केलं. एक चेटक्या मंत्र म्हणून प्रेतं उठवायचा, तर ती उठून थेट आपापल्या घरी जेवायला जायची. एका मारेकऱ्याचे जोडे इतके करकरायचे की तो यायच्या आदल्या दिवशी गाव सावध व्हायचा. अंधाराचा राजा दिव्याशिवाय झोपत नसे. खोटं वाटेल, पण एका ड्रॅगनला स्वतःच्याच धुराचा ठसका लागला, तेव्हा दादाच्या म्हाताऱ्या सरदाराने त्याची पाठ चोळून त्याला पाणी पाजलं. शिवाय नकाशावर मांडायच्या त्याच्या सगळ्या बाहुल्या कवळीच्या हिरड्यांसाठी आणलेल्या गुलाबी मसाल्याच्या. गुलाबी झग्यातल्या राक्षसाला भिणार कोण?

मग दादा आजारी पडला. आजाराचं नाव तिघांनाही ठाऊक होतं, घेत कोणी नव्हतं.

"धाकट्या," इस्पितळात जायचं ठरलं तेव्हा दादा म्हणाला, "माझ्या सरदाराला मारायला एखादा बरा माणूस बघ."

"काहीतरीच काय, दादा!"

"अरे, तिकडे नाकातोंडात नळ्या घालून काय होईल ते माझ्या हातात नाही. इथे तरी तलवार हातात धरून जाऊ दे. तेवढं त्या ठसकेबाज ड्रॅगनकडे सोपवू नकोस, म्हणजे झालं."

वहिनी खाली मान घालून नकाशाच्या सुरकुत्या सरळ करत राहिली.

धाकट्याने जीव ओतून काळा सम्राट घडवला. मसाला गुलाबीच होता, म्हणून त्यावर बुटाचं पॉलिश चोपडलं. बोललं की घोटाळा होतो, म्हणून सम्राटाला मुका ठेवला.

रविवारी दादा गळ्याभोवती मफलर गुंडाळून आला, आणि सम्राट नकाशावर एकेक घर पुढे सरकू लागला. शिपाई पडले. वहिनीची धनुर्धारी जखमी होऊन मागे हटली. सरदार एकटा उरला. सम्राटाने तलवार उगारली. दादाचे डोळे चमकले; तो खुर्चीत ताठ बसला. धाकट्याने घामेजल्या हाताने सम्राटाला सरदारासमोर उभं केलं आणि फासा उचलला.

"अरे," दादा वाकून म्हणाला, "सम्राटांचं बूड गुलाबी आहे की रे!"

घामाने पॉलिश निघालं होतं. दादा हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि वहिनी त्याची पाठ चोळू लागली.

"पाळी गेली," डोळे पुसत तो म्हणाला. "गाढवा, तुझ्या हातून मला मरणसुद्धा धड मिळायचं नाही. राहू दे असंच मांडून. आलो की बघू."

धाकट्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फारच बरं वाटलं.

इस्पितळातल्या शत्रूचं काहीच गुलाबी नव्हतं. तिथे कोणी हसलं नाही. त्याची एकही पाळी चुकली नाही.

नंतर एका रविवारी वहिनी कारखान्यात आली. नकाशावर प्लॅस्टरची भुकटी साचली होती. ती आपल्या जागेवर बसली. "भाऊजी, फासा टाका. सम्राटाची पाळी आहे."

"राहू द्या ना, वहिनी. कपाटात ठेवू सरदाराला. असाच. जिवंत."

"ह्यांनी तुमच्याकडे एवढंच मागितलं होतं."

धाकट्याने सम्राट उचलला. "सम्राट तलवार उगारतात... आणि ती झुंबरात अडकते."

वहिनी नुसती बघत होती.

"सम्राट म्हणतात, जरा थांबा हं, झगा पायात आला."

काही नाही. त्याने फळीवरची एक कवळी ओठांपुढे धरून सम्राटाची शिंक काढली. शेवटी सम्राटाला वळवून त्याचं गुलाबी बूड तिच्यासमोर धरलं. वहिनीचा ओठ हलला. धाकटा आशेने पुढे झुकला. पण ते हसू नव्हतं.

"झालं?" पदराने नाक पुसत तिने विचारलं. "मग टाका."

नियम दादाचा होता. फासा घरंगळत गेला, प्लॅस्टरच्या जबड्याला आपटला आणि थांबला.

वार लागला.

वहिनीने दोन बोटांनी सरदाराला हळूच आडवं केलं. सम्राट त्याच्यापाशी उभाच होता. जिंकल्यावर काय करायचं असतं, ते त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.