अळणी भांडं

साधनानं हळद्याच्या पातेलीतला रस्सा बोटाच्या टोकावर घेतला आणि जिभेला लावला. मग डोळे मिटून थांबली. चव काहीतरी होती, पण ती मिठाची होती की मनाची, हे तिला ठरवता येईना. तिनं चूळ भरली आणि पुन्हा बोट बुडवलं. माणसाच्या भाजीत मीठ कमीजास्त झालं तर खाणारा सांगतो. बोक्याच्या जेवणात मीठ नाही ना, हे कोणाला विचारायचं?

हळद्या उंबऱ्याशी पाण्याच्या वाडग्यावर मान टाकून बसला होता. सकाळी भरलेला वाडगा त्यानं तळाला नेला होता. रंगानं हळकुंडासारखा, म्हणून हळद्या. कुरुंदा गावातल्या त्या गल्लीत एकेकाळी ज्वारीच्या पोत्याला शिवायची उंदराची हिंमत नव्हती, ती याच्यामुळं. आता मागचे पाय टाकताना तो अडखळायचा आणि पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागायचे.

साधनाचा नवरा सोमेश्वर ट्रकवर असायचा. हळदीची पोती भरून सांगलीकडं गेला की आठवडा आठवडा घर दिसायचं नाही. दोन्ही लेकरं नांदेडला शिकायला. घरात उरल्या साधना आणि तिची सासू मंजुळाबाई. नवरा गाडीच्या भरवशावर, सासू देवाच्या आणि सून बोक्याच्या, अशी त्या घराची वाटणी होती. गल्लीतल्या बाया हसायच्या. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून साधनानं ते कधी मनावर घेतलं नव्हतं. पण हल्ली सकाळी जाग आली की ती उठायच्या आधी पायाशी झोपलेल्या हळद्याचं पोट हलतंय का ते बघायची, आणि हलताना दिसेपर्यंत पाय हलवायची नाही.

नांदेडच्या शितल मॅडम जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी रक्त तपासून स्पष्ट सांगितलं होतं. किडन्या झिजल्यात, त्या काही नव्या होणार नाहीत. पण जपलं तर आणखी काही वर्षं काढील. त्यांनी जेवणात मिसळायला एक पूड दिली, काय शिजवायचं आणि किती ते सांगितलं, आणि साधना निघताना पुन्हा बजावलं, "वरून मीठ अजिबात नको. मांसात असतं तेवढं पुष्कळ झालं. सुकट नको, पापड नको, तुमच्या ताटातलं काहीच नको."

पहिल्या दिवशी पातेली गॅसवर चढली तेव्हाच मंजुळाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"घरात अळणी शिजवू न्हाई, साधना. अळणी सुतकात शिजवतेत."

"मांजरासाठी हाये, आत्याबाई."

"चुलीला काय कळतंय, कोणासाठी हाये ते?" गॅस येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडी चूलच होती. "माझं पोरगं गाडीवर हाये."

एवढं बोलून त्या ओसरीवर जाऊन बसल्या. साधनाला तेव्हा हसू आलं होतं.

ते हसू फार टिकलं नाही. हळद्या पुन्हा ओकायला लागला, पाणी पीत सुटला. एकदा साधना मागच्या दारी बादली भरायला गेली आणि परत आली, तर मंजुळाबाई पातेलीजवळून हात मागं घेत होत्या. ओट्यावर मिठाचे खडे सांडलेले.

"काय टाकलं?"

"काही न्हाई. भांड्याजवळ मीठ ठेवलं. शेजारी असलं की अळण्याचा दोष लागत न्हाई, आमची आई म्हणायची."

"आणि बोटाला लागलंय ते?"

मंजुळाबाईंनी हात पदराला पुसला. "या वयात मी खोटं बोलून राहिले का?"

साधनानं सांडलेले खडे गोळा केले. मिठाची बरणी उचलली, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. आपण काय केलं हे तिला त्याच वेळी कळलं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून मीठ कुलपात ठेवणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं. पण हळद्या जाईल या भीतीपुढं बाकी कसलीच लाज तिला शिल्लक राहिली नव्हती. मंजुळाबाईंनी मीठ मागितलं नाही. पानात पडेल ते खाल्लं, ताट घासून ठेवलं, आणि बोलणं तेवढं बंद केलं.

कुलूप लावलं तरी हळद्या खंगतच गेला. आज साधनानं सगळं एकटीनं केलं होतं. मंजुळाबाई दिवसभर ओट्याकडं फिरकल्या नव्हत्या. तरी दुपारचं खाल्लेलं सगळं त्यानं अंगणात ओकलं आणि तिथंच आडवा झाला. चोर धरला होता, कुलूप घातलं होतं, आणि चोरी होतच होती. तिनं शितल मॅडमना फोन लावला. हात ओले होते म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकर चालू केला.

"मीठ खरंच नाही ना जात?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई. बरणीच कुलपात हाये."

"मग पातेली ठेवल्यापासून काय काय करता ते सांगा. एकही गोष्ट गाळू नका."

"कोंबडी धुऊन घेते. गावरान असती. तुमी सांगितला तेवढा तांदूळ, भोपळ्याची फोड. पाणी घालते, बोअरचं. आमचं पाणी लई जड हाये, त्यात लवकर काही शिजत न्हाई, मग चिमूटभर सोडा, मग झाकण..."

साधना आपोआप थांबली.

"कसला सोडा?"

"खायचा. डाळीत टाकतो तो."

"कधीपासून टाकताय?"

"पहिल्यापासून." साधनानं सोड्याची डबी बाजूला सारली. "हात जातोच, मॅडम. टाकला का न्हाई, ते ध्यानातबी राहत न्हाई."

"ताई, मिठातलं जे त्याला नको, तेच सोड्यात असतं. आपल्याला चिमूट वाटते, त्याच्या एवढ्याशा अंगाला ती पुष्कळ होते. एवढ्यानंच बिघडलं असं मी रक्त बघितल्याशिवाय म्हणणार नाही. पण आजपासून बंद. उद्या सकाळी घेऊन या."

फोन बंद झाला. मंजुळाबाई दाराशी सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. सुपाचा आवाज थांबला. साधना ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. आता त्या बोलतील, आणि जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

"सोडा मी शिकवला तुला," मंजुळाबाई म्हणाल्या. "नवी आलीस तवा डाळ शिजंना तुझी. मोरीत जाऊन रडत होतीस. मीच म्हणलं, टाकत जा चिमूटभर."

"बोक्याच्या भांड्यात टाक म्हणलं न्हवतं तुमी."

"हाताचं काय खरं असतंय."

साधना आत गेली, कपाट उघडलं, बरणी आणून जागेवर ठेवली. किल्ली कपाटालाच राहू दिली.

"आत्याबाई, माझं चुकलं."

"ती पातेली पालथी कर. दुसरं मांडू."

साधनानं पातेली रिकामी करून घासून दिली आणि मंजुळाबाईच उठल्या. फिल्टरच्या जारातलं पाणी घेतलं, कोंबडीचे बारके तुकडे केले, भोपळा चिरला. झाकण ठेवण्यापूर्वी बाहेरचा उजेड बघून त्यांनी विचारलं, "सोम्याचा फोन आला का?"

साधना दचकली. दिवेलागणीच्या आत सोमेश्वरचा फोन येतोच, कुठंही असला तरी. आज हळद्याच्या नादात तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिनं नंबर लावला.

"बंद येऊन राहिलाय."

"लाव पुन्हा."

पुन्हा बंद. ट्रकमालकाला लावला. त्याच्याशी सकाळपासून सोमेश्वरचं बोलणं नव्हतं. चार्जिंग संपलं असेल, रेंज नसेल, असं साधनानं म्हणून बघितलं, आणि म्हणता म्हणता तिची नजर पातेलीवर गेली. पाण्याला आधण येत होतं. घरात अळणी शिजत होतं आणि घरचा माणूस रस्त्यावर होता. असल्या गोष्टींवर तिचा कधी विश्वास नव्हता. आत्ताही नव्हता. तरी तिची नजर पातेलीवरून हलेना.

"आत्याबाई," ती म्हणाली, "टाका वाटलं तर. चिमूटभर. आजच्या दिवस."

मंजुळाबाईंनी तिच्याकडं बघितलं. बरणी त्यांच्या कोपराशीच होती. हातातलं झाकण तसंच धरून त्यांनी एकदा बाहेर रस्त्याकडं मान वळवली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला सोसत न्हाई."

त्यांनी पातेलीवर झाकण ठेवलं, गॅस बारीक केला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. देवाचं नाव घेत त्यांचे ओठ हलायला लागले. हळद्या अंगणातून उठून, मागचे पाय ओढत, त्यांच्या पायाशी येऊन पडला. साधनानं पुन्हा नंबर लावला.