स्टिअरिंगशेजारचं पाकीट

मी एक साधं प्लास्टिकचं पाकीट. आरपार दिसणारं, मागे चिमटा असलेलं. लेमुएलने मला विकत घेतलं ते मोटारीत स्टिअरिंगशेजारी लावायला. तो शाळेची बस चालवतो. त्याचा मुलगा मार्सेल तेव्हा नुकताच गाडी शिकला होता.

इथे अमेरिकेत पोलिसाने गाडी थांबवली की परवाना दाखवावा लागतो. पण काळ्या पोराचा हात खिशाकडे गेला, की पोलिसाला तिथे पिस्तूलच दिसतं. म्हणून परवाना माझ्या पोटात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

दर रविवारी चर्चहून आल्यावर अंगणात, उभ्या गाडीतच तालीम चालायची. लेमुएल पोलीस व्हायचा आणि लाकडी चमच्याने काच ठोकायचा.

"हात कुठे?"

"स्टिअरिंगवर, साहेब."

"मग?"

"परवाना समोरच्या पाकिटात आहे, साहेब. काढू का?"

"आणि मी शिवी दिली तर?"

"गिळायची. पप्पा, पोलीस चमचा घेऊन येतात होय?"

"दात काय काढतोस गाढवा! पुन्हा म्हण."

मागच्या सीटवर धाकटी इमानी खिदळायची. मलाही गंमत वाटायची. मूर्ख मी!

त्या दुपारी मार्सेल इमानीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी निघाला होता. मागचा दिवा फुटका होता म्हणे. पोलीस खिडकीशी आला. मार्सेलचे हात स्टिअरिंगवरच होते. धडा त्याने शब्दन् शब्द म्हटला. "काढू का, साहेब?"

"काढ," पोलीस म्हणाला.

मार्सेलची बोटं मला जेमतेम लागली, तोच गोळ्या सुटल्या. तीन.

चौकशी झाली. पोलिसाला जिवाची भीती वाटली, असं ठरलं. तो कामावर परतला. वर्षभराने मला कागदी पिशवीत घालून घरी पाठवलं. परवाना अजून आतच आहे. फोटोत मार्सेल हसू दाबतोय.

"हात पुढे करायला मीच शिकवलं त्याला," लेमुएल मला हातात धरून पुटपुटत बसतो. नाही रे बाबा, त्याचं काही चुकलं नाही, तुझंही नाही! पण माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही.

काल इमानीला परवाना मिळाला. ती गाडीत बसली, लेमुएल चमचा घेऊन खिडकीशी उभा राहिला.

"हात स्टिअरिंगवर, पप्पा. पुढे?"

त्याने मला तिच्यासमोर लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"पुढचं सांगा ना, पप्पा."

त्याने मला पुन्हा काढून हातात धरलं. तुम्ही जाणती माणसं, तुम्ही तरी सांगा. मी कुठे असलो म्हणजे ही पोर घरी येईल?