पस्तीस मिनिटं मागे

मी उंद्रीकडच्या एका लहान दवाखान्यातला, वॉर्डातल्या टेबलावरचा संगणक बोलतोय.

आम्ही चौघे होतो. एक काउंटरवर, एक डॉक्टरांच्या खोलीत, एक औषधांच्या खिडकीत आणि मी. जो तो आपापली वेळ दाखवायचा. माझ्या पोटातला बटणाएवढा सेल संपत आला होता. वीज गेली की माझं घड्याळ थांबायचं आणि आली की तिथूनच पुढे चालायचं. त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं.

त्या वर्षी बीटीच्या कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली. झाडं डोक्याएवढी वाढलेली, फवारलेलं औषध उलटून तोंडावरच यायचं. भाद्रपदातल्या एका दुपारी इंद्रभानला आणलं. रोजानं फवारणी करता करता तो कोसळला होता. सोबत बायको, जनकाबाई. खुर्शीदा सिस्टर त्याच्या उशाशी होत्या. भरतीच्या कागदावर अंगठा द्यायला जनकाबाईला काउंटरवर बोलावलं. ती परत येईपर्यंत तो गेला. सिस्टरांनी माझ्याकडे पाहून वेळ लिहिली, तीन पंचेचाळीस.

तेरवीनंतर जनकाबाई दोन कागद घेऊन आली. दिरानं ते तिला वाचून दाखवले होते. तिच्या अंगठ्याच्या कागदावर चार दहा, मृत्यूच्या कागदावर तीन पंचेचाळीस.

"मी जाऊन येतो म्हनलं तं त्यायनं मान हालवली," ती म्हणाली. "मंग मी कोनाशी बोलली, सिस्टर?"

खुर्शीदांनी माझी वेळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली.

"ते जिंदा होते, ताई. मी बाजूलेच होती. ही घडी मांगं आहे. मी पाह्यलं नाही, माही चूक."

जनकाबाई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

डॉक्टरांनी चिखलीहून संगणक दुरुस्त करणाऱ्या संजीवनीला बोलावलं. तिनं त्या दिवसाच्या नोंदी ताडून पाहिल्या. मी काउंटरच्या पस्तीस मिनिटं मागे होतो. तिनं माझा सेल बदलला. आता काउंटरचा संगणक इंटरनेटवरून नेमकी वेळ घेतो आणि आम्ही तिघे थोड्या थोड्या वेळानं त्याला विचारून आपली वेळ जुळवतो. इंटरनेट गेलं तरी चौघांची वेळ एकच राहते, हे तिनं तार काढून दाखवलं. डॉक्टरांनी कागदावर चार वीस अशी दुरुस्ती करून सही केली. जनकाबाईनं ती ओळ सिस्टरांकडून दोनदा वाचून घेतली.

माझ्या कळांवरची अक्षरं आता पुसलीत. लवकरच इथं नवा संगणक येईल. त्याला मांडणाऱ्यांनो, पहिल्याच दिवशी त्याची वेळ जुळवा. आम्ही चुकीची वेळही खऱ्यासारखीच दाखवतो आणि तुम्ही ती लिहून घेता. कागद दुरुस्त होतो. पण ते दोन कागद उशाशी ठेवून त्या बाईनं काढलेल्या रात्री मला दुरुस्त करता येत नाहीत.